मोकळ्या भांड्यांची यादी

खाली डाईंगच्या पत्र्याखाली भांडी नऊ आहेत,
वहीत रंग मात्र चारच:
लाल, हिरवा, मोरपंखी, काळा.
मल्लेशम वही वाचत नाही.
खडूनं खांबावर लिहितो: लाल, पाचात.
तासाभरानं पुसतो. लाल, आठात.

पाचातला लाल तेव्हा संपलेला नसतो.
बोल्लींच्या चादरीच्या लडी त्यातून निघायच्या असतात
आणि आठात दुसरा लाल उकळायला लागलेला,
टॉवेलवाल्यांचा, जरा विटकरी.
नाव एक, पाणी दोन.
कुणी कुणासाठी अडत नाही.

मी वरच्या खोलीत हेच काम करते.
माझा पगार मल्लेशमच्या अकरापट आहे.

माझ्याकडे प्रोग्रॅमला ठाऊक असलेले रजिस्टर बत्तीस.
त्या नावांमागे खरी घरं किती ठेवायची
ते आज रात्री ठरायचंय.
बेंगळुरूहून सुदर्शन म्हणतो, एकशे साठ घे की,
सिलिकॉन स्वस्त झालंय.
झालं असेल.
दारं महाग आहेत, सुदर्शन.

एका ठोक्यात चार सूचना चालवायच्या
तर वाचायला आठ दारं, लिहायला चार,
आणि ती प्रत्येक घराला.
एक दार वाढलं की एक तार आडवी, एक उभी,
घर दोन्ही अंगांनी फुगतं.
दारं दुप्पट, जागा चौपट,
आणि तेवढी जागा ओलांडून एक बिट येईस्तोवर
ठोका निघून गेलेला.

नानांनी एकदा शेडला तिसरं दार पाडलं,
हमालांची चेंगराचेंगरी नको म्हणून.
त्यापायी दोन भांडी काढावी लागली.
उरलेल्या नवांची वाफ त्याच दारातून
कन्ना चौकाकडे निघून जायची,
पाणी तापायला अर्धा तास जास्त.
वर्षभरानं विटा रचून बुजवलं.
प्लॅस्टरचा तो चौकोन अजून वेगळा दिसतो.

अम्माचं लग्नात नाव बदललं. राजमणीची भाग्यलक्ष्मी झाली.
घर तेच राहिलं, म्हणजे ती,
वरची पाटी तेवढी दुसरी.
बिडीच्या कार्डावर मात्र राजमणीच, बत्तीस वर्षं,
आणि दर शनिवारी कारखान्यात
दोन्ही नावांनी सही मागायचे.
याला आमच्याकडे रीनेमिंग म्हणत नाहीत.
याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही.

भांडं मोकळं झालं असं कधी म्हणायचं?
लडी निघाल्या की?
मल्लेशम म्हणतो, छे.
नव्या लालाचा माल दाराबाहेर पडला,
चिलवेरी शेठनं हातात धरून "हां" म्हटलं,
तेव्हा जुना लाल सांडायचा.
गेल्या महिन्यात शेठचा होकार येईल या अंदाजानं
आठात लाल लावला होता. आला नकार.
मल्लेशमनं ओल्या फडक्यानं आठ पुसले, पाच लिहिले,
आठातलं सगळं गटारीत.
पाच अजून गरम होतं.
अंदाज चुकल्यावर मागं यायला
मला टेबलांच्या तीन प्रती ठेवाव्या लागतात.
त्याला एक फडकं पुरलं.

दोन वाजून चाळीस.
पंख्याची हवा अजून एप्रिलचीच.
लिहून टाकलं: घरं शहाण्णव, मधे भिंत,
अठ्ठेचाळीस इकडे, अठ्ठेचाळीस तिकडे,
वाचायची दारं प्रत्येकी चार.
कधी पाच जण एकाच बाजूला येतील.
एक जण एक ठोका थांबेल.
थांबू दे.
सुदर्शनला हे आवडणार नाही.
आकडे उद्या बोलतील, किंवा माझ्या विरुद्ध बोलतील.

चारला खाली गेले. मल्लेशम भट्टी पेटवत होता,
विडी कानामागं.
नवव्या भांड्यात पाणी निवळशंख, नुसतं, स्थिर.
म्हटलं, हे मोकळं आहे ना?
त्यानं खांबाकडे पाहिलं,
मग भांड्याकडे, मग माझ्याकडे.
"दिसतंय मोकळं," म्हणाला. "अजून नाय."